आईचं इरकल आणि सिहोऱ्याची वाकळ

सिहोऱ्याला मी दोनदा गेले. पहिल्यांदा गेले ती आईचं लुगडं बोचक्यात बांधून, आणि परत आले ती भावजयीशी अबोला धरून. दुसऱ्यांदा जाताना बोचक्यात तसं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. भंडारा जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, तर तलाव आहेत, धानाच्या बांध्या आहेत, वैनगंगा आहे, असं मी सांगते खरी. पण मला स्वतःला आठवतं ते शेणानं सारवलेलं एक अंगण आणि त्यात पसरलेल्या वाकळीभोवती बसलेल्या बायका.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. आई त्याच पावसाळ्यात गेली होती. तिची लुगडी नात्यातल्या बायकांनी आठवण म्हणून नेली. उरलं ते एक हिरवं इरकल, लाल पदराचं. आई सणासुदीला तेच नेसायची. तिला तपकिरीची सवय होती, त्यामुळे धुऊन वाळवलं तरी त्या पदराला तपकिरीचा वास असायचाच. लहानपणी मी त्या वासाला नाक मुरडायची, आणि आता पेटी उघडून तोच वास घेत बसायची. ते लुगडं कुणी ठेवायचं यावरून माझं आणि भावजयीचं, शालिनीचं, भांडण झालं नाही इतकंच. बाकी तोंडं दोघींची फुगलेली होती.

शालिनी सिहोऱ्याची, तुमसर तालुक्यातली. माझा धाकटा भाऊ अरुण त्या बाजूला मँगनीजच्या खाणीवर कारकून होता, तिथंच लग्न जमलं आणि नोकरी बदलून तो तिला घेऊन सांगलीला आला. तोड शेवटी तिनंच काढली. म्हणाली, "ताई, आमच्याकडे धानाचं चुरणं झालं का बाया वाकरी शिवाले बसतात. आईचं इरकल तिथं नेऊ. वाकरीत घातलं का टिकते." चुरणं म्हणजे मळणी, आणि वाकर म्हणजे वाकळ, आपली गोधडी. मला कल्पना एकदम पसंत पडली. आईच्या लुगड्याची गोधडी होणार आणि ती माझ्या पलंगावर राहणार, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. तिच्या गावची रीत काय आहे हे मी विचारलं नाही आणि शालिनीनंही सांगितलं नाही. तिला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटलीच नाही. भात हातानं खातात हे कुणी पाहुण्याला सांगत बसतं का?

तुमसरची बस

मिरजेपासून नागपूरपर्यंतचा प्रवास सांगण्यात अर्थ नाही. तो सगळ्यांचा सारखाच होतो. नागपूरहून पॅसेंजरनं तुमसर रोडला उतरलो, तुमसरहून सिहोऱ्याची एसटी धरली, आणि तिथून पुढं माझे डोळे खिडकीबाहेर लागले.

आमच्याकडे या दिवसांत शाळू उभा असतो आणि उसाला तोडी चालू असतात. इथं धान कापून झालेलं, बांध्यांत, म्हणजे खाचरांत, नुसते खुंट, आणि त्या खुंटांतूनच लाखोळीचं हिरवं पीक वर आलेलं. ना नांगर, ना पाळी. धान उभं असतानाच त्यात बी फेकून देतात म्हणे. दर थोड्या अंतरानं एखादं तळं लागायचं. लहान असलं की त्याला बोडी म्हणतात. आम्ही नदीकाठची माणसं पाणी कायम वाहताना बघितलेली. इतकं पाणी जागच्या जागी शांत बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

बसमध्ये एका बाईनं ओल्या मासळीची टोपली माझ्या पायाशी ठेवली आणि सगळं पाणी माझ्या चपलांत उतरलं. मी बोचकं चटकन उचलून छातीशी धरलं. तिनं विचारलं, यात काय आहे एवढं. शालिनीनं सांगितलं, ताईच्या आईचं लुगडं आहे, वाकरीसाठी नेतोय. त्या बाईनं हात पदराला पुसले, बोचक्याला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. मागच्या बाकावरच्या म्हातारीनंही वाकून तेच केलं. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, आणि खरं सांगायचं तर बोचक्याला मासळीचा वास लागेल याचीच काळजी जास्त होती.

अनसूयाबाईंच्या घरी

शालिनीच्या आईचं नाव अनसूयाबाई. उंच, सावळ्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं आणि विहीण गेल्याचं दुःख दाराशीच बोलून मोकळ्या झाल्या, मग लगेच जेवायला वाढलं. चिन्नोर तांदळाचा भात, त्याचा वास ओसरीवर पोचलेला. लाखोळीचं वरण, आणि पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची भाजी. लाखोळी म्हणजे लाखेची डाळ. आमच्याकडे ती कुणी घरात आणत नाही, खाल्ली की पायातला जोर जातो म्हणतात. मी वाटी हळूच बाजूला सरकवली. अनसूयाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काहून व बाई," त्या म्हणाल्या, "आमी सारे रांगून राहिलो का?"

त्यांची धाकटी मुलगी रेखा इतकी हसली की तिला ठसका लागला. रेखाचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात व्हायचं होतं, आणि हसायला तिला कुठलंही कारण चालत होतं. मी वरण खाल्लं. पाय अजून शाबूत आहेत. दोन्ही वेळा भात खाऊन मला भाकरीची आठवण यायला लागली, तेव्हा तांदळाच्या पिठाची भाकरी करून माझं मन राखलं गेलं. पण ज्वारीच्या भाकरीचा मोडताना होणारा तो आवाज काही तिला नव्हता.

झोपायला खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, त्यावर पोतं, आणि अंगावर वाकळ. आमच्या गोधड्या मऊ आणि हलक्या. इथली वाकळ अंगावर पडली की कुणीतरी थोपटून धरल्यासारखं वाटायचं. कडाक्याची थंडी होती, तळ्याकाठचं धुकं सकाळी अंगणात शिरायचं, आणि उठावंसं वाटायचं नाही.

भागरथाबाईंचं अंगण

वाकळी शिवायला गल्लीतल्या बायका एकत्र बसत. आज हिच्या घरची, ती संपली की तिच्या घरची. त्या वर्षी बैठक भागरथाबाईंच्या अंगणात होती. त्या सगळ्यांत वडील, अंगानं चिमणीएवढ्या, आणि डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत भाजून आकसलेली. त्याच हातानं त्या कापड ताणून धरायच्या आणि उजव्यानं टाका घालायच्या. आधी सगळ्या घरांतलं जुनं कापड एका चटईवर येऊन पडायचं. मग वाकळीचं पोट भरायचं, म्हणजे आतले थर लावायचे. मग वरचं कापड, मग कडेपासून टाके. चार बाजूंनी बायका बसायच्या आणि सगळ्या एकाच दिशेनं शिवत मधल्या चौकोनाकडं सरकत यायच्या. कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी फुलं बसवली की वाकळ पुरी.

मला सुई दिली. मी शाळेत बक्षीस मिळवलेल्या हातानं बारीक टाके घालायला लागले. भागरथाबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, हे टाके रुमालाला ठेवा, बाई, वाकरीचा टाका धानाच्या दाण्याएवढा पाहिजे. बाजूची बाई म्हणाली, सांगलीचा तांदूळ बारीक असेल. झालं, त्या दिवसापासून माझं नाव बारीक तांदूळ पडलं. शिवता शिवता गप्पा चालायच्या, कुणाची सून, कुणाचं बाळंतपण, मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, रात्रभर बघितलेलं दंडारीचं नाटक. त्यातून हात थांबत नसत. दुपारी चहा यायचा, गुळाचा, आणि उन्हाबरोबर सगळ्या जणी वाकळ ओढत अंगणात सरकायच्या. आयुष्यात इतक्या निवांत दुपारी मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

आईचं इरकल मी शालिनीकडं दिलं होतं. आपली पाळी आली की शिवू, असं ती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी रेखा मला चांदपूरचा तलाव दाखवायला घेऊन गेली. केवढा तो तलाव, आणि मागं टेकड्या. आम्ही काठावर बसून ताजे शिंगाडे सोलून खाल्ले, उरलेले पदरात बांधले आणि उन्हं कलताना परत आलो.

अंगणात शिरले आणि जागीच थबकले. चटईवर आईचं इरकल होतं, पण लुगडं म्हणून नव्हतं. पट्ट्या झाल्या होत्या. भागरथाबाई काठ दातानं टोकरत होत्या आणि टर्रकन फाडून एकेक पट्टी एकेकीच्या हातात देत होत्या. घेणारी दोन्ही हात पुढं करायची, पट्टी कपाळाला लावायची आणि आपल्या घरच्या कापडात ठेवायची. लाल पदर रेखाच्या लग्नाच्या वाकळीसाठी वेगळा काढलेला. माझ्या पदरातले शिंगाडे खाली सांडले.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. भागरथाबाईंना बोलले, अनसूयाबाईंना बोलले, आणि शालिनीला सगळ्यांत जास्त. ती बिचारी पांढरीफटक पडली होती. तिच्या तोंडून एवढंच निघालं की ताई, तुम्हाले माहीत असन असं वाटलं, वाकरीत घालाचं म्हणजे असंच तर असते. गेलेल्या बाईचं कापड एका घरात ठेवत नाहीत, गल्लीतल्या सगळ्या वाकळींत घालतात, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक नसेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

भागरथाबाईंनी मला हाताला धरून ओसरीवर बसवलं. रागावल्या नाहीत. आपला भाजलेला हात माझ्यासमोर धरला.

"बाई, पेटीत ठेवलं असतं त एकाच घरात राह्यलं असतं," त्या म्हणाल्या. "मी लहान होती, माय आधीच गेली होती, तवा आमच्या घराले आग लागली. तणसाचं छप्पर, चैताचं ऊन. मायची एक चिंधी नाई वाचली. मंग गल्लीतल्या बायांनी आपापल्या वाकरी उसवल्या अन् मायचं लुगडं मले वापस आणून देल्लं. सारं नाई, पण देल्लं."

"आमची घरं कौलारू आहेत," मी म्हणाले. "आमच्याकडे आग लागत नाही."

"आग नाई त दुसरं काही असन," त्या म्हणाल्या, आणि सुई घेऊन परत कामाला बसल्या.

मला पटलं नाही. मुळीच नाही. माझी आई यांनी कधी बघितली नव्हती, तिची पट्टी यांच्या घरात कशाला, हेच डोक्यात घुमत होतं. आमच्यासाठी वाकळ झाली ती अशी: पोटात कुणाची निळी पातळं, कुणाचं धोतर, वर कुणा कोष्टिणीचं जाड सुती लुगडं, आणि एका कोपऱ्यापासून मध्यापर्यंत आईच्या इरकलची एकच हिरवी पट्टी. बायकांनी निघताना मला चिन्नोरची पिशवी दिली, शिंगाडे दिले. मी घेतले आणि नीट हसलेही नाही. सांगलीपर्यंत मी शालिनीशी बोलले नाही. ती माझ्यासमोर बसून डब्यातलं वाढत होती, आणि मी खिडकीबाहेर बघत खात होते.

मधली वर्षं

वाकळ शालिनीनं, मी न मागताच, माझ्याकडं ठेवली. पहिला हिवाळा मी ती वापरलीच नाही. मग माझ्या धाकट्या मुलाला गोवर आला, घरातली सगळी पांघरुणं अपुरी पडली आणि वाकळ बाहेर निघाली. एकदा निघाली ती परत पेटीत गेली नाही. मुलं तिच्यावरून भांडायची. तिच्यातल्या तुकड्यांना नावं द्यायची, हा निळा भाऊसाहेब, ही पिवळी मावशी. हिरव्या पट्टीला मात्र आजी म्हणायची, ते मीच शिकवलं होतं. कधी मुलांच्या आधी मीच दुपारची त्या पट्टीवर गाल टेकून पडायची. तपकिरीचा वास केव्हाच गेला होता. तरी मला तो यायचा.

शालिनीशी अबोला कधी सुटला ते आता आठवत नाही. असे अबोले काही ठरवून सुटत नाहीत. कुणीतरी मीठ मागतं आणि सुटतात.

मग एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. दरवर्षी पायऱ्यांशी यायचं आणि परत जायचं, त्या वर्षी घरात आलं. माणसं वाचली, देव वाचले, भांडी चिखलातून निघाली. वाकळ खालच्या खोलीत होती. पाणी ओसरल्यावर ती उचलली तर हातात चिखलाचा गोळा आला, आणि उन्हात टाकली तर कुजक्या पालापाचोळ्यासारखी सुटून गेली. मी हिरवी पट्टी शोधली. सापडली नाही. शालिनीला मी काही सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, आणि बहुतेक मी सांगितलं नाही म्हणून तिनं विचारलं नाही.

पुन्हा सिहोरा

त्याच हिवाळ्यात शालिनी माहेरी निघाली. भागरथाबाई गेल्या, असा निरोप आला होता. तिनं मला येता का विचारलं, आणि मी लगेच हो म्हणाले. का म्हणाले ते माझं मलाच तेव्हा नीट कळलं नव्हतं.

सिहोऱ्यात वीज गल्लीपर्यंत आलेली, दोन घरांना सिमेंटची छपरं झालेली. ओसरीवर विकतची ब्लँकेटं वाळत पडलेली दिसली. लाखोळी मात्र तशीच खुंटांतून वर आलेली, आणि सकाळचं धुकं तसंच अंगणात शिरणारं. अनसूयाबाईंचे केस पांढरे झाले होते. रेखा माहेरी आली होती, कडेवर मुलगी. जेवायला बसले तर माझ्या पानात पहिल्यांदा लाखोळीचं वरणच पडलं, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी दोनदा मागून घेतलं.

जेवण झाल्यावर अनसूयाबाईंनी विचारलं, "वाकर कशी हाय तुमची?"

मी पाण्यात गेली म्हणून सांगितलं. एवढंच सांगायचं होतं, पण मला रडू आलं. आई गेली तेव्हा मी इतकी रडले नव्हते. शालिनी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. अनसूयाबाई हात धुऊन शेजारच्या घरी गेल्या, तिथून पुढच्या घरी गेल्या, आणि बऱ्याच वेळानं परतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक अनसूयाबाईंच्या अंगणात होती. चटईवर भागरथाबाईंचं लुगडं घडी घालून ठेवलेलं, किरमिजी रंगाचं, विटून मऊ झालेलं. बायका एकेक करून आल्या. पूर्वीइतक्या नव्हत्या. पण प्रत्येकीनं बसायच्या आधी माझ्यासमोर येऊन हात पुढं केला, आणि हातात हिरवी पट्टी होती. कुणाची कडेनं झिजलेली, कुणाची फिक्कट, कुणाच्या पट्टीवर उसवलेल्या दोऱ्याची भोकं रांगेनं तशीच. ज्यांना मी तोंडाला येईल ते बोलले होते, त्याच बायका. एक म्हणाली, आमच्या सासऱ्याच्या शेवटच्या आजारात हीच अंगावर होती. दुसरी म्हणाली, हिच्याखाली माझी तिन्ही लेकरं मोठी झाली. मी आईच्या गावाला आले होते असं मला वाटलं, आणि तिनं तर हे गाव कधी बघितलंही नव्हतं.

शेवटी रेखा आली. तिच्या हातात लाल पदर होता. तिच्या लग्नाच्या वाकळीचा तो वरचा मधला भाग. तिनं सकाळीच बसून उसवला होता. तिची मुलगी आपल्या पांघरुणाला पडलेलं भोक बघून रडत होती. मी पदर नाकाशी धरला. दुधाचा आणि धुराचा वास आला, तपकिरीचा नाही.

"पहिली पट्टी तुमी फाडा, ताई," अनसूयाबाई भागरथाबाईंचं लुगडं माझ्याकडं सरकवत म्हणाल्या.

मी काठ दातानं टोकरला आणि फाडलं. पट्टी सरळ निघाली. ती मी कपाळाला लावून अनसूयाबाईंनी माझ्या वाकळीसाठी काढलेल्या कापडात ठेवली. बाकीच्या बायकांना दिल्या, तशा त्यांनी दोन्ही हात पुढं करून घेतल्या. मग माझ्यासमोर साठलेल्या हिरव्या पट्ट्यांतून मी माझ्या वाकळीपुरत्या काढून घेतल्या आणि उरलेल्या एकेक करून सगळ्यांच्या कापडात परत ठेवायला लागले. बायका माझ्याकडं बघत राहिल्या. रेखा पदर घ्यायला तयार होईना. तुमच्या मायचा आहे, म्हणत हात मागं घेत राहिली.

मी तिचा हात धरून त्यात तो ठेवला आणि मूठ मिटवली.

"हा इथंच राहू दे," मी म्हणाले. "आमच्या गावाला नदी आहे."